गाडी उंच, पण तोल कच्चा : सड्यावर आणि बांधावर एसयूव्ही पलटी का होते?

सातारा : जुलै २०२५ मधली घटना पाटण-कराडकडच्या लोकांना अजून आठवत असेल. सडावाघापूर भागात, गुजरवाडीच्या टेबल पॉइंटवर कराडकडची पोरं फिरायला आली होती. पाऊस, धुकं आणि ओलं गवत. पठारावर फिरवताना चारचाकी घसरली आणि चालकासह दरीत गेली. चालक तरुण जबर जखमी झाला. बातमी चार दिवस मोबाईलवर फिरली, ‘रीलचा नाद’ म्हणून सगळ्यांनी पोरांना नावं ठेवली आणि विषय मागं पडला.

पण हा विषय फक्त रील करणाऱ्या पोरांचा नाही. ऊस बघायला बांधावरून गाडी घालणारा शेतकरी, वाडीवरच्या पेशंटला घेऊन घळीतून उतरणारा ड्रायव्हर, यात्रेला टपावर सामान आणि आत दहा माणसं भरून निघालेलं कुटुंब, हे सगळे रोज तोच धोका घेतात. फरक एवढाच की त्यांचा व्हिडिओ निघत नाही.

या सगळ्यामागं एक समज आहे. गाडी मोठी, उंच आणि दणकट म्हणजे ती कुठंही जाते आणि पडत नाही. यातलं पहिलं थोडंफार खरं आहे. दुसरं मात्र उलट आहे. उंच गाडी खड्ड्यातून जाते ती उंच असल्यामुळं, आणि पलटी होते तीही उंच असल्यामुळंच.

गावोगावी एसयूव्ही

वाहन कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यातल्या जवळपास ६५ टक्के गाड्या एसयूव्ही आणि तत्सम मोठ्या गटातल्या होत्या. म्हणजे तीनातल्या दोन. जुन्या बाजारातून गावात येणाऱ्या गाड्या वेगळ्याच.

गावाकडं ही गाडी घेण्यामागं कारणंही रास्त आहेत. रस्ते खराब, ओढ्यावर फरशी पूल, पावसाळ्यात पाणंद चिखलानं भरलेली. लहान गाडीचं पोट घासतं. त्यामुळं उंच गाडी घेणं ही हौस कमी, गरज जास्त. पण घेताना मायलेज विचारलं जातं, सीट विचारल्या जातात, किंमत विचारली जाते. तोल कुणी विचारत नाही.

कडब्याची गाडी आठवा

तोल समजायला इंजिनिअर व्हायची गरज नाही. ज्यानं बैलगाडीत कडबा भरलाय त्याला हे माहीत आहे. गाडी निम्मी भरली तर ओढ्यातून आरामात जाते. तीच गाडी वर डोंगरासारखी रचली, की एका चाकाखाली दगड आला तरी सगळी कलंडते. चाकं तीच, बैल तेच, रस्ता तोच. बदलली फक्त वजनाची उंची.

एसयूव्हीचं गणित हेच आहे. दोन गोष्टी बघायच्या. एक, डाव्या-उजव्या चाकातलं अंतर. दुसरी, गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे. चाकातल्या अंतराच्या निम्म्याला त्या उंचीनं भागायचं. येणारा आकडा जितका मोठा, तितकी गाडी पक्की. अमेरिकेची सरकारी वाहन सुरक्षा संस्था हाच हिशेब धरते. तिच्या माहितीनुसार साध्या कारचा आकडा बहुतेक १.३० ते १.५० च्या दरम्यान असतो, तर उंच एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅनचा १.०० ते १.३० च्या दरम्यान.

समजा एका एसयूव्हीच्या चाकांतलं अंतर ५ फूट आहे आणि वजनाचा मध्य २ फूट ४ इंचावर आहे. आकडा येतो १.०७. अशी गाडी आडव्या उतारावर उभी केली, तर कागदावर ती साधारण ४७ अंशांना पलटी होईल. १.४ आकड्याची कार हाच कोन ५४ अंशांपर्यंत सोसेल.

४७ अंश म्हणजे खूप झाले की!

असं वाटतं खरं. एवढ्या उतारावर माणूससुद्धा नीट उभा राहत नाही, मग गाडी कोण घालणार? पण रानातला उतार सपाट फळीसारखा नसतो.

समजा तीच गाडी २० अंशांच्या उतारावरून आडवी चालली आहे. म्हणजे खालचं चाक वरच्या चाकापेक्षा साधारण पावणेदोन फूट खाली. एवढा उतार माळावर सहज सापडतो. आता खालचं चाक एक फुटाच्या खड्ड्यात गेलं. कोन लगेच ११ अंशांनी वाढला. त्याच वेळी वरचं चाक पाऊण फूट दगडावर चढलं. आणखी ८ अंश. बघता बघता गाडी ४० अंशांच्या आसपास पोचली. त्यात खालच्या बाजूचे स्प्रिंग आणि टायर दबतात, आतली माणसं खालच्या अंगाला कलतात. गाडी मुळी चालती आहे, त्यामुळं आदळण्याचा झोक वेगळा. ४७ चा आकडा कुठल्या कुठं जातो.

आता टपावरचा हिशेब. दोन टन वजनाच्या त्याच गाडीच्या टपावर, साडेसहा फूट उंचीवर २०० किलो ओझं टाकलं. खताची पोती धरा नाहीतर तीन माणसं धरा. वजनाचा मध्य चार इंचांच्या वर उचलला जातो आणि पलटी होण्याचा कोन ४७ वरून ४३ च्या खाली येतो. म्हणजे वरच्या उदाहरणात रिकामी गाडी कशीबशी टिकली असती, टपावर ओझं असलेली गेली. तेच ओझं आत, सीटच्या खाली ठेवलं असतं तर तोल उलट सुधारला असता.

बहुतेक गाड्या ठेच लागून पडतात

पलटी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर वेगात घेतलेलं वळण येतं. पण अमेरिकेतल्या अभ्यासात असं दिसलं, की एकट्या गाडीच्या पलटी अपघातांपैकी सुमारे ९५ टक्के अपघातांत गाडीला आधी काहीतरी अडतं. मऊ माती, चारी, दगड किंवा रस्त्याची कड. माणूस धावताना ठेच लागून पडतो तसंच हे. गाडी आडवी घसरत येते, खालची चाकं कशात तरी रुततात, पाय अडकतो आणि वरचं धड पुढं जातं.

आपल्याकडं या ठेचेच्या जागा पावलोपावली आहेत. डांबरी रस्ता आणि साईडपट्टी यांत अर्ध्या फुटाचा फरक पडलेला असतो. समोरून ट्रक आला म्हणून चाक खाली उतरतं, ड्रायव्हर घाबरून स्टिअरिंग झटक्यात वर ओढतो आणि गाडी आडवी होते. माण-खटावकडं मुरमाच्या रस्त्यावर सुटी खडी असते, तिच्यावर गाडी घसरते आणि कडेच्या चारीत अडते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात वाफसा यायच्या आधी गाडी घातली की एक बाजू बसते. पाटण-जावळीच्या सड्यावर जांभ्यावरचं शेवाळ आणि ओलं गवत यांच्यावर टायर धरतच नाही.

बांधाचं तर वेगळंच. वरून टणक दिसतो, आतून खेकड्यांनी आणि घुशींनी पोखरलेला असतो. पावसात कड ढासळते. बैल चालला, ट्रॅक्टर गेला म्हणून दोन टनांची गाडी जाईलच असं नाही.

‘फोर बाय फोर’चा गैरसमज

फोर बाय फोर म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना. तिच्यामुळं गाडी चिखलातून निघते, चढ चढते. पण ब्रेक मारल्यावर ती लवकर थांबत नाही, आणि आडव्या उतारावर तिचा तोल एक इंचानंही वाढत नाही. उलट धोका असा, की साधी गाडी जिथं आधीच रुतून थांबली असती, तिथून ही गाडी पुढं जाते. जिथं पडायचं, त्या जागेपर्यंत ती माणसाला घेऊन जाते.

त्यात गावात फिरणाऱ्या बऱ्याच एसयूव्ही फोर बाय फोर नसतातच. दिसायला तीच बॉडी, पण ताकद दोनच चाकांना. व्हिडिओत दुसऱ्याची गाडी डोंगर चढताना बघून स्वतःची गाडी तिथं घालणारे फसतात ते इथं.

मोठे टायर आणि गाडी उचलून घेण्याचं खूळही वाढलंय. गाडी तीन इंच उचलली म्हणजे वजनाचा मध्यही जवळपास तेवढाच वर गेला. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अशी गाडी अडचणीत येऊ शकते.

पाच स्टार आहेत, मग?

ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही देशाची स्वतःची क्रॅश टेस्ट सुरू झाली. चांगली गोष्ट झाली. पण हे स्टार कशाचे, ते समजून घेतलं पाहिजे. गाडी समोरून धडकली, बाजूनं धडक बसली, खांबावर आदळली, तर आतली माणसं किती वाचतील याची ही परीक्षा आहे. गाडी किती सहज पलटी होते याला वेगळे स्टार नाहीत. तीन किंवा जास्त स्टारसाठी घसरण सावरणारी ईएससी यंत्रणा असावी लागते. ही यंत्रणा एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून आडवी जाणारी गाडी सरळ करते. डांबरी रस्त्यावर तिनं जीव वाचतात. पण बांधाची कड ढासळली तर ईएससी काही करू शकत नाही. जुन्या बाजारातल्या बऱ्याच गाड्यांत तर ती नसतेच.

अमेरिकेनं हा धडा फार महागात घेतला. फोर्ड कंपनीच्या एक्स्प्लोरर या एसयूव्हीचे फायरस्टोन टायर वेगात असताना फाटायचे, गाडी आडवी व्हायची आणि पलटी मारायची. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. तोवर अडीचशेच्या वर माणसं गेल्याची नोंद पुढच्या चौकशीत झाली. दोष टायरचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्या भांडल्या. पण त्यानंतर तिथं प्रत्येक गाडीला पलटी होण्याच्या धोक्याचेही स्टार मिळू लागले. गिऱ्हाईक गाडी घ्यायच्या आधी ते बघू शकतो. आपल्याकडं तीनातल्या दोन गाड्या या गटातल्या विकल्या जात असताना असे स्टार का नसावेत, हा प्रश्न विचारायची वेळ आली आहे.

बेल्टची क्लिप आणि जिवाची किंमत

गाडी पलटी होते तेव्हा माणसं बऱ्याचदा आतल्या मारानं मरत नाहीत. ती दरवाजातून, काचेतून बाहेर फेकली जातात आणि वरून गाडी येते. बेल्ट लावलेला माणूस गाडीच्या आत राहतो. वाचण्याची शक्यता तिथंच वाढते.

‘एवढ्याशा शिवाररस्त्याला कशाला बेल्ट?’ असं म्हणून सर्रास बेल्ट काढला जातो. बेल्टचा आवाज बंद करायची क्लिपही लावली जाते. अशा क्लिप विकणाऱ्या पाच ऑनलाइन कंपन्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मे २०२३ मध्ये त्या काढून टाकायला लावल्या. तरीही गाड्यांत त्या दिसतात. मागच्या सीटवरच्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे. मागचा माणूस मोकळा असला, तर पलटी होताना तोच पुढच्यावर येऊन आदळतो.

चढ, उतार आणि आडवं : काय करायचं?

अनुभवी ड्रायव्हर जे करतात ते सोपं आहे. घाई नसली तर कुणालाही जमतं.

१. चढ-उतार सरळ घ्यायचा, आडवा नाही. गाडीची लांबी रुंदीपेक्षा जास्त असते, त्यामुळं सरळ उभ्या दिशेनं ती सहजी पलटी होत नाही. चढाच्या मध्यावर वळवून परत यायचा प्रयत्न कधीच करू नये.

२. चढ चढला नाही तर ब्रेक धरायचा, रिव्हर्स गिअर टाकायचा आणि आल्या वाटेनं सरळ मागं यायचं. क्लच दाबून गाडी मोकळी सोडायची नाही.

३. उतारावर पहिला गिअर. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे ब्रेकवर सगळा जीव टाकणं.

४. शंका आली की आधी उतरून पायी बघून यायचं. बांध, ओढा, गवतातला खड्डा पायाला कळतो, काचेतून दिसत नाही. कठडा नसलेली विहीर तर गवतात लपते. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव इथं ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडून ७ शेतमजूर महिला गेल्या, हे विसरून चालणार नाही.

५. अवघड जागी माणसं खाली उतरवायची. ती गाडीच्या वरच्या अंगाला उभी राहतील, खालच्या अंगाला नाही. हातानं गाडी धरून ठेवायचा प्रयत्न करायचा नाही. दोन टन कुणाला पेलत नाहीत.

६. आडव्या उतारावर गाडी कलायला लागली आणि खाली मोकळी जागा असेल, तर स्टिअरिंग उताराकडं वळवायचं. वरच्या बाजूला ओढलं तर गाडी आणखी कलते. अर्थात खाली दरी किंवा विहीर असेल तर हा उपाय नाही. म्हणून अशा जागी आडवं जायचंच नाही.

७. जड सामान आत, खाली. टप रिकामा.

८. चाक साईडपट्टीवरून उतरलं तर स्टिअरिंग घट्ट धरून वेग कमी करायचा आणि मग सावकाश वर घ्यायचं.

९. गाडी पलटी झालीच तर हात-डोकं बाहेर काढायचं नाही, बाहेर उडी मारायची नाही. थांबल्यावर इंजिन बंद करायचं. उलटं लटकलेलं असताना एक हात टपाला टेकवून मगच बेल्ट सोडायचा. ११२ किंवा १०८ ला फोन करायचा.

१०. आडबाजूला निघताना घरी कुणाला तरी वाट सांगून जायची. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताम्हिणी घाटात एसयूव्ही दरीत कोसळून पुण्याकडचे सहा तरुण गेले. गाडी कुठं आहे हे लगेच कुणाला कळलंच नाही, ड्रोननं शोध घ्यावा लागला.

सगळा दोष ड्रायव्हरचा नाही

शेतकरी बांधावरून गाडी का घालतो? कारण पाणंद अतिक्रमणात गेलेली असते. नकाशावर रस्ता आहे, रानात सहा फूट वाट आहे. एसयूव्हीची रुंदीच सहा फुटांच्या आसपास असते. म्हणजे दोन्ही चाकं कडेवर.

शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी राज्याची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना २०२१ पासून आहे. २०२५ मध्ये शासनानं शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद करण्याचं आणि त्यांची नोंद सात-बारावर घेण्याचं धोरण काढलं. अडवलेला रस्ता खुला करायला तहसीलदाराकडं अर्ज करता येतो. गावात हे विषय भावकीच्या वादात अडकतात. पण उद्या याच वाटेनं ॲम्ब्युलन्स यायची आहे, हे दोन्ही बाजूंनी लक्षात घेतलं तर निम्मे वाद मिटतील.

देवस्थानांच्या वाटांचंही तसंच. ११ ऑगस्ट २०२५ च्या श्रावणी सोमवारी पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात कुंडेश्वराला निघालेली, महिलांनी भरलेली पिकअप चढावर मागं येऊन खाली कोसळली आणि अनेक घरांतल्या बायका गेल्या. मालवाहू गाडीतून माणसं नेणं बेकायदा आहेच. पण दुसरी सोय नसते म्हणून लोक चढतात. यात्रेच्या दिवशी अवघड चढाच्या खाली गाड्या थांबवणं, तिथं ग्रामपंचायतीचा एक माणूस उभा करणं, कडेला कठडा बांधणं, ही फार मोठ्या खर्चाची कामं नाहीत.

येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मांडता येतील. शिवारातल्या कठडा नसलेल्या विहिरींची यादी, ढासळलेल्या साईडपट्ट्यांची यादी आणि ज्या सड्यावर, पठारावर गाड्या जातात तिथं आडवा दगडी बांध किंवा चर. दरीच्या कडेपासून पन्नास फूट अलीकडं गाडी अडली, तर पुढची बातमी लिहायची वेळ येणार नाही.

बाकी गाडी दारात उभी असतानाच एक काम उरकता येईल. टपावरचं सामान खाली घ्या, बेल्टची क्लिप काढून टाका आणि मागच्या सीटच्या फटीत अडकलेले बेल्ट वर ओढून ठेवा. त्याला पाच मिनिटं लागतात.